जशी आहे तशी पाठव

५ नोव्हेंबर

चि. खारू यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी कात्र्या कागदात गुंडाळत बसले होते. पोस्टमनने पाकीट दाराखालून सरकवलं तेव्हा वाटलं, असेल कसलं तरी बिल. मग अक्षर दिसलं आणि हातातली कात्री पायावर पडता पडता वाचली. अकरा वर्षांतलं तुझं हे दुसरं पत्र. पहिलं बाबा गेल्यावर आलं होतं, तीन ओळींचं. हे चांगलं दीड पान आहे. म्हणजे प्रगती आहे.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला खारू म्हणते म्हणून चिडू नकोस. झाडावर चढलास की बाबांनी दहा हाका मारल्याशिवाय खाली उतरायचा नाहीस, तेव्हाचं ते नाव आहे, आता बदलायला जमणार नाही.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. धार लावायचं काम चालू आहे. शिंप्यांच्या कात्र्या, माळ्यांच्या कैच्या, हॉटेलवाल्याचे सुरे. झाडकामाच्या मशीनच्या साखळ्याही येतात अजून, बाबांचे जुने लोक आणतात. वर चढायला माणसं मिळतात म्हणे, खाली बसून साखळीचे दात घासायला मिळत नाहीत. तीस वर्षं मी तेच करते आहे, त्यामुळे माझं बरं चाललंय.

आता तुझ्या कामाचं. तू नव्या झाडकामगारांना शिकवतोस हे मला ठाऊक होतं. पण शिकवताना काय सांगतोस, ते तुझ्या पत्रातूनच कळलं. पहिल्या दिवशी डावा हात वर करून, नसलेली दोन बोटं दाखवून म्हणतोस, "ही माझी चूक. मशीन एका हाताने धरलं होतं." आणि आता तुला बाबांचं ते मोठं साखळी-करवतीचं मशीन वर्गात टेबलावर ठेवायला हवं आहे, ज्याने हे झालं तेच. चार डिसेंबरला नवी तुकडी येते, त्याआधी. "जशी आहे तशी करवत पाठव, काही करू नकोस," असं दोनदा लिहिलंयस. दुसऱ्यांदा खाली रेघ मारून.

पाठवते. नाही कशाला म्हणू? बाबांची वस्तू आहे, तुझा हक्क आहे.

आज माळ्यावरून काढली. गोणपाट उंदरांनी कुरतडलं होतं, ते हातात धरलं तसं सुटंच झालं. करवतीची दशा विचारू नकोस. नारिंगी रंग जागोजागी उडालाय, पात्यावर गंजाचा थर, ओढायची दोरी कुजलेली, टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा पिवळा चिकटा झालेला. मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि तीनदा घरभर फिरून आले. मग वाटलं, असली वस्तू आपल्या घरातून बाहेर कशी पाठवायची? तुझ्यासमोर पंचवीस पोरं बसणार. ती म्हणतील, यांच्या घरात मशीनला कुणी वाली नव्हतं. वाली मी होते ना!

तेव्हा रागावू नकोस, पण मी जरा पुसून देते. टाकी धुते, कार्बोरेटर उघडते, फिल्टर आणि दोरी बदलते, पात्यावरचा गंज काढते. चालू झाली तर झाली. नाहीतरी तुला ती टेबलावरच ठेवायची आहे, तर स्वच्छ असलेली काय वाईट? फार तर आठ दिवस लागतील.

चिमणी नऊ वर्षांची झाली असेल. तिला एक आत्या आहे, हे तिला सांगितलंयस का? तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. तिला मी तुमच्या लग्नात पाहिलं तेवढंच, पण तिचा चेहरा मला आवडला होता. ठाम वाटली.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर

चि. खारू यास,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर पाच शब्द. "रंग लावू नकोस. कधी पाठवतेस?" उशीर झाला रे. रंग लावून झाला.

ओरडू नकोस, आधी ऐकून घे. मी पुसायलाच बसले होते. पण पुसता पुसता उरलेला रंगही निघायला लागला आणि खालचा पत्रा दिसायला लागला. अर्धवट निघालेला रंग मला बघवत नाही. म्हणून म्हटलं, सगळाच काढू. पॉलिश पेपर घेऊन बसले ते दोन दिवस घासत होते. बोटांच्या पेरांची सालं निघाली. आतली कामं आधीच झाली होती. कार्बोरेटरची बारीक भोकं तारेने मोकळी केली, आतला रबरी पडदा कडक झाला होता तो बदलला, टाकी चारदा विसळली. साखळी रॉकेलच्या डब्यात सोडली. सोडताना तोंड दुसरीकडे केलं होतं, हेही सांगून टाकते.

रंगाच्या दुकानात वेगळीच तऱ्हा. रंगवाला म्हणाला, "कशाला हवाय रंग, ताई? ग्रिलला की गेटला?"

"करवतीला."

"कापायच्या की शोभेच्या?"

तिथे उभ्या उभ्या मला इतका राग आला की मी त्याला म्हटलं, "तुम्ही रंग विका, चौकशी नको." त्याने बिचाऱ्याने गप्प एक डबा काढून दिला. घरी येऊन मारला तर तो नारिंगी नव्हता, टोमॅटोच्या सालीसारखा लाल होता. वर ओघळ आले. खरवडून काढला. दुसरा डबा आणला, तो बरोबर निघाला, पण मी घाई केली, प्रायमर वाळू दिला नाही, तर सुरकुत्या पडल्या. तोही काढला. तिसऱ्यांदा मात्र बसला. इतका छान बसला की त्यात माझं तोंड दिसतं. ते काही बघण्यासारखं नाही, ते सोड.

वर भाड्याने एक निवृत्त मास्तर राहतात, गेल्या वर्षीपासून. शाळेत विज्ञान शिकवायचे. रंगाच्या वासाने त्यांना ठसका लागला, तेव्हा जिन्यातून ओरडले, "अहो बाई, आम्ही श्वास घ्यायचा की नाही?"

मी म्हटलं, "थोडा थोडा घ्या."

तर ते खालीच आले. वर्तमानपत्रावर मांडलेले भाग बघत उभे राहिले. टाकीचं झाकण, मुठी, एअर फिल्टर, सगळं ओळीने. मग म्हणाले, "एवढी नवी नवरी करून कुणाच्या घरी पाठवताय?"

"भावाच्या."

"लाकडं तोडतो?"

"तोडायचा. आता कशी तोडू नयेत ते शिकवतो. याच मशीनवर त्याची बोटं गेली, हेच तो मुलांना दाखवणार आहे."

मास्तरांनी चष्मा वर केला. "मग हे असं चकचकीत दाखवून त्या मुलांना काय कळणार? काय बिघडलं होतं ते दिसायला नको?"

"काही बिघडलं नव्हतं," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण ते तडक वर निघून गेले. दोन दिवस त्यांनी जिन्यात माझ्याकडे बघितलंही नाही. मग मीच जाऊन त्यांच्या भाजीच्या सुरीला धार लावून दिली.

सध्या माझा पाय घरात ठरत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की काय करायला उठले ते आठवत नाही. काल गिऱ्हाइकाच्या कैचीला उलट्या बाजूने धार लावत होते, तोच ओरडला म्हणून वाचली. झोप बरी लागते, काळजी करू नकोस. पण सकाळी डोळे उघडले की आधी टेबलावरचं ते नारिंगी धूड दिसतं.

पुसायला चिंध्या हव्या होत्या म्हणून कपाट उपसलं, तर त्यात लाल चिंध्यांची पिशवी सापडली. तुला आठवत असतील. मशीन कामाला जायला तयार नसलं की मी मुठीला लाल चिंधी बांधायचे, आणि चिंधी असलेलं मशीन कुणीही, अगदी बाबांनीसुद्धा, घराबाहेर न्यायचं नाही. त्यावरून बाबा लोकांना सांगायचे, "आमच्याकडे मालक मी, पण साहेब ती." त्या चिंध्यांनी पुसायचं म्हटलं, पण हात लावून परत ठेवल्या. तुझी जुनी बनियन होती, ती फाडली.

आता काम संपत आलंय. बाजूचं एक झाकण तेवढं राहिलं, साखळीच्या चाकावरचं. त्याचे नट गंजून बसलेत, सुटत नाहीत. तेल घालून ठेवलंय. सुटले की पुसते, रंगवते आणि लगेच पार्सल करते. चार तारखेच्या आत नक्की.

घाई करू नकोस रे मला.

ताई


२९ नोव्हेंबर

खारू,

हे पत्र एकटा असताना वाच. चिमणी आसपास असेल तर आधी तिला खेळायला पाठव.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. नट गंजले नव्हते. पाना लावला आणि दोन वळशांत सुटले. मीच अकरा वर्षांपूर्वी ग्रीस लावून बसवले होते, ते गंजतील कसे? आणि करवत मागणारं तुझं पत्र आलं त्याच दिवशी, करवत माळ्यावरून काढायच्याही आधी, मी पार्ट्सवाल्याकडे जाऊन त्या झाकणाखाली बसणारी ब्रेकची नवी पट्टी आणि स्प्रिंग आणली होती. त्याच्याकडे जुन्या मालात एकच उरली होती. ती मिळाली तेव्हा मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आता लाज वाटते.

म्हणजे तू विचारशील, ब्रेक कशाला आणला? तेच सांगायला बसले आहे. चहा ठेवून आले. तो उतू गेला. गॅस पुसला. आता कुठेही उठणार नाही.

या रविवारी सकाळी मी नवी पट्टी बसवली, झाकण लावलं, झाकणालाही रंग दिला. मंगळवारी मशीन मागच्या अंगणात नेलं. पाय मुठीत रोवून दोरी ओढली. चौथ्या ओढीला ती बोलली. अकरा वर्षांनी, खारू, आणि आवाज तोच. मास्तर जिन्यात येऊन उभे राहिले. मी रेस दिली, साखळी फिरायला लागली, आणि मग मी तेच केलं जे प्रत्येक मशीन कामाला पाठवताना करायचे. डावा हात पुढच्या मुठीवर ठेवून मनगटाने मुठीसमोरची, ब्रेक लावणारी ढाल पुढे ढकलली.

टक्.

साखळी जागच्या जागी थांबली. इंजिन चालू, साखळी गप्प. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. मास्तर वरून म्हणाले, "वा! उसळली तर हात आपटणार आणि साखळी बंद. काय सोय केलीय हो!"

मी इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसले. मास्तर पाणी घेऊन आले. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं तर आधी तुला.

त्या दिवशी तुझ्या मशीनला ब्रेक नव्हता.

आदल्या संध्याकाळी मी तपासायला घेतलं तेव्हा पट्टी तुटली. दोन तुकडे झाले. नवी यायला दोन दिवस लागणार होते. मी तुटलेली पट्टी आणि स्प्रिंग काढून ठेवली, चिंधी बांधली. मग बाबा आले आणि म्हणाले, उद्या मोठं मशीन लागणारच, तोडायचं झाड एका घराच्या भिंतीवर रेललंय, पडलं तर माणसं मरतील. मी म्हटलं, बघते. त्यांना काय तुटलं ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, साहेबांनी आधी का बघितलं नाही? मला ते ऐकायचं नव्हतं. माझ्या डोक्यात आलं, बाबांचं पहिलं मशीन बिनब्रेकचंच होतं, त्यावर त्यांनी वीस वर्षं काढली. एक दिवस निघेल. स्प्रिंग नसली की ढाल लुळी पडते, म्हणून तिच्या मागे रबराचा जाड तुकडा ठोकून बसवला, ती सरळ उभी राहावी म्हणून. झाकण लावलं. चिंधी सोडली. म्हटलं, सकाळी खारूला कानात सांगेन, ब्रेक नाही, जपून वापर. एवढे चार शब्द.

आणि सकाळी मी तुझ्याशी बोलत नव्हते.

तुला आठवतंय का कशावरून? मला आठवतं. तीन दिवस आधी जेवताना मी बाबांना म्हटलं होतं, मलाही वर चढायला शिकवा. तू म्हणालास, "ताई वर गेली तर फांदी कापायलाच नको, आपोआप खाली येईल." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तूही हसलास. मी ताट घेऊन उठले. तेव्हापासून अबोला. आपल्या घरात अबोल्याचा कायदाच होता, आधी बोलेल तो हरला. आपण दोघं तीस-चाळीस वर्षांची माणसं, आणि तरी तो कायदा पाळत होतो. मधल्या निरोपांना बाबा.

तू अंगणात आलास, मशीनकडे बघितलंस, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालास, "बाबा, विचारा तिला, मोठं तयार आहे का?"

बाबा म्हणाले, "काय गं, तयार आहे का?"

आणि मी म्हटलं, "चिंधी दिसते का त्याला? नाही ना? मग."

माझ्या तोंडून ते गेलं. चार शब्द ओठांवर होते आणि त्यांच्या जागी हे गेलं. तू मशीन उचललंस आणि गाडीत ठेवलंस. मी फाटकापर्यंत आले, गाडी वळली. धावत गेले असते तर कोपऱ्यावर गाठली असती. मी धावले नाही. मनात म्हटलं, संध्याकाळी हाच आधी बोलेल.

संध्याकाळी तू हॉस्पिटलात होतास.

बाकीचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तरी कमी माहीत आहे. खाली दोरी धरून उभा असलेला माणूस म्हणाला, करवत उसळली तेव्हा याचा डावा हात हवेत होता. बाबांनी तेवढंच धरलं. म्हणाले, एका हाताने धरलीस, स्टाइल मारत होतास, माझं नाव घालवलंस. तुला स्वतःला काही आठवत नव्हतं. शुद्धीवर आलास तेव्हा बाबा जे सांगत होते तेच तू मान्य केलंस. नंतर ते म्हणाले, "पुन्हा झाडाला हात लावू नकोस, माझ्यासमोरही येऊ नकोस." आणि तू गेलास. मी त्या खोलीत होते. फळं कापत होते. सुरीला धार नव्हती, ते मला आठवतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

मी स्वतःला खूप गोष्टी सांगितल्या. ब्रेक असता तरी बोटं गेलीच असती कदाचित. बाबांचं हृदय कमजोर आहे, आता सांगून काय होणार. तू बाहेर पडून चांगला मार्गाला लागलास, लग्न झालं, चिमणी झाली. बाबा गेले तेव्हा तू आलास, दारात उभा राहिलास, आत आला नाहीस. मी तुला पाणी द्यायला आले तेव्हाही म्हटलं, आता नको, आजचा दिवस नाही. त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिलं की त्यांचा मुलगा बेफिकीर होता. ते मी मिटवू शकत होते, आणि नाही मिटवलं. आता ते कुणालाच मिटवता येणार नाही.

मला वाटलं होतं, नवा ब्रेक लावून, रंग देऊन करवत तुझ्या टेबलावर पोचती केली की झालं. तू कधी झाकण उघडलंस तरी आत सगळं धड दिसेल. मला ती चकचकीत करायची नव्हती रे. मला ती निर्दोष करायची होती. मास्तरांनी विचारलं तेव्हाच मला ते कळलं, म्हणून तर मी त्यांच्यावर ओरडले.

काल मी नवी पट्टी काढली. झाकणावरचा आणि ढालीवरचा रंग खरवडून काढला. बाकीच्या रंगाबद्दल तुझी बोलणी खाईन. तुटलेल्या जुन्या पट्टीचे दोन तुकडे मी फेकले नव्हते, कानशींच्या डब्याच्या तळाशी होते. का ठेवले, ते मला सांगता येत नाही. तेही आणते आहे.

हो, आणते आहे. पार्सल करणार नाही. चार तारखेला सकाळी नऊ वाजता तुझ्या केंद्राच्या फाटकाशी येते. तुझ्या त्या पंचवीस जणांसमोर मी स्वतः झाकण उघडेन आणि आत काय नाही ते दाखवेन. का नव्हतं तेही सांगेन, अबोल्यासकट. मुलं हसली तर हसू दे. पण त्याआधी तू चिमणीला सांग. वर्गाला नंतर कळलं तरी चालेल, तिला आधी कळू दे. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं रखवालदाराला सांगून ठेव. मी मशीन त्याच्या हातात देईन आणि उलट पावली परत फिरेन. वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते. वाटेल. पण परत जाईन.

माफ कर असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. या वेळी खोडत नाही. माफ कर.

आता शेवटचं. इथवर लिहायला दोन दिवस लागले, आणि हेच सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. ब्रेकचं, अबोल्याचं, ते सगळं एकवेळ माणसाच्या हातून होतं. हे होत नाही. हे मी केलं.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मशीन गोणपाटात घरी आलं. बाबा हॉस्पिटलात होते, मी एकटी होते. गोणपाट उघडलं. ढाल पुढे पडलेली होती, पार टोकापर्यंत, आणि मागचं रबर फाटून लोंबत होतं. तो तुकडा मी हातोडीने ठोकला होता, खारू. तो अंगठ्याने हलत नव्हता. तो फाटायला आतून मनगटाचा जोरदार तडाखा लागतो. आणि तुझ्या डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूला काळानिळा वळ होता, मी हाताचं ड्रेसिंग बदलताना पाहिला होता. डॉक्टरांना त्याचा अर्थ कळण्याचं कारण नव्हतं. मला कळला. हात मुठीवर असल्याशिवाय मनगट ढालीवर आपटत नाही. उसळीनंतर हात उडाला, म्हणून तो खालच्या माणसाला हवेत दिसला.

मी रबर काढून चुलीत टाकलं. ढाल मागे ओढून सरळ उभी केली. ती पुन्हा पडू नये म्हणून गोणपाट घट्ट आवळून बांधलं, आणि संध्याकाळी बाबांनी ते न उघडता माळ्यावर फेकलं.

तू दोन्ही हातांनी धरली होतीस. अगदी जशी धरायला हवी तशी. तुझी काहीही चूक नव्हती, आणि हे जगात फक्त एका माणसाला अकरा वर्षं माहीत होतं.

ती,
तुझी ताई